डावीकडचा पाटील आधी

मर्ज सॉर्ट, म्हणजे संगणकात यादी क्रमाने लावायची एक रीत, मी फळ्यावर तीनदा शिकवली आणि तिन्ही वेळा मुलांनी जांभया दिल्या. वैतागून मी अख्खा वर्ग आमच्या अमळनेरच्या कॉलेजच्या ऑफिसात नेला. तिथे तीस वर्षं शिपाई असलेले पितांबरनाना पंखा बंद करून प्रवेशअर्ज आडनावांप्रमाणे लावत होते.

अर्ज आले त्याच क्रमाने ढिगात होते. नानांनी ढीग अर्धा केला, अर्ध्याचा पुन्हा अर्धा, असं करत एकेक अर्ज सुटा झाला. "एकट्या कागदाचा क्रम कधी चुकत नाही," ते म्हणाले. मग शेजारच्या दोन-दोन अर्जांची जोडी, जोड्यांच्या गड्ड्या. दोन गड्ड्यांचे फक्त वरचे अर्ज बघायचे, आधीच्या अक्षराचा टेबलावर पालथा ठेवायचा. दुपारच्या पिवळ्या उजेडात दोन पाटांचं पाणी एक व्हावं तसे कागद मिसळत होते. मुलं टेबलाभोवती वाकली. मला गोड गुंगी आली.

तेवढ्यात दोन्हीकडे वर पाटील आले. नानांनी डावीकडचा ठेवला. पुन्हा दोन पाटील, पुन्हा डावीकडचाच.

"कोणताही ठेवला तरी चालेल ना, नाना?" मी विचारलं.

"डावीकडचे आधी आलेले आहेत." त्यांचा हात थांबला नाही. "गावच्या विहिरीवर माझी माय पहाटेपासून घागर घेऊन लांब उभी राहायची. मागून येणारे पाणी भरून घरी जायचे. आधी आलेल्याला मागं ठेवलं की काय वाटतं, ते माले माहीत शे."

आणि त्यांनी पुढचा पाटील उचलला, डावीकडचा.