पाचवीची कात्री

सुईणींना बाळंतपण शिकवायला मला नेमलं तेव्हा माझं स्वतःचं लग्नही झालेलं नव्हतं, आणि यावरून त्या बायकांनी पहिल्याच दिवशी माझी फिरकी घेतली. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. कल्याणच्या एका दवाखान्यामागच्या पडवीत आमचा वर्ग भरायचा. आजूबाजूच्या गावांतल्या सुईणी तिथे पाय पसरून बसायच्या, मशेरी लावायच्या, आणि मी काही सांगायला लागले की एकमेकींकडे बघून हसायच्या. ज्यांच्या हातून अख्खं गाव जन्माला आलं त्यांना ही कालची पोर नाळ कशी कापायची ते सांगणार होती. त्यांचं हसणं मला आज समजतं. तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील रेल्वेत कारकून होते म्हणून कल्याणला आलो. मी नर्सिंग करून हेल्थ व्हिजिटर झाले हे घरात कुणालाच फारसं रुचलं नव्हतं. एक तर रंग सावळा, त्यात तोंड फटकळ, आणि आता दिवसभर बाळंतिणींच्या विटाळात हिंडणार, म्हणजे हिला कोण करून घेणार, हे आईचं रोजचं पालुपद. खोटं गोड बोलणं मला कधी जमलं नाही. आजाऱ्याच्या घरीसुद्धा मी जे असेल ते सांगून मोकळी व्हायचे, आणि लोक माझ्या पाठीमागे बोटं मोडायचे.

वर्गात आमच्याकडे एक कापडी बाहुली होती. तिच्या बेंबीला पायजम्याची नाडी शिवलेली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई त्या नाडीवर सगळं करून दाखवायच्या. कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, नखं काढायची, कात्री आणि दोरा खळखळत्या पाण्यात उकळायचे, दोन ठिकाणी बांधायचं, मध्ये कापायचं. वर राख लावायची नाही, शेण लावायचं नाही, हळद नाही, तेल नाही. हे ऐकताना बायकांचे चेहरे असे व्हायचे की ह्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नाही.

मग एके दिवशी बाईंनी धनुर्वात समजावला. बाळ चांगलं जन्मतं, चांगलं पितं. चार-सहा दिवसांनी एकाएकी दूध सोडतं. तोंडात काही जात नाही, जबडा मिटतो, हातापायांना पीळ पडतो, नुसता आवाज झाला तरी अंग ताठतं. पडवीतलं हसणं हळूहळू थांबलं. प्रत्येकीने ते पाहिलेलं होतं. कुणी त्याला वारा म्हणायचं, कुणी सटवाईचा कोप. बाई म्हणाल्या, वारा नाही नि कोप नाही. जमिनीतली, शेणातली घाण नाळेतून आत जाते, आणि ती कापणाऱ्याच्या हत्याराबरोबर जाते.

खांबाला टेकून एक मावशी बसली होती. आंबिवलीकडच्या एका आगरी गावातली, भाताची शेती असलेल्या घरची. उंच, हाडापेराने मोठी, वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी. ती सावकाश म्हणाली, "माझे पोरीची दोन अशीच गेली. दूध सोरला न् तोंड मिटला."

ती वर्गाला का आली होती ते त्या दिवशी कळलं. दोन्ही बाळंतपणं लेकीच्या सासरी झाली होती, तिथल्या म्हातारीच्या हातून. दोन्ही वेळा बारशाआधीच पाळणा रिकामा झाला. आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते, आणि सासरच्यांनी सरळ सांगून टाकलं होतं की हेही राहिलं नाही तर पोरीला माहेरीच ठेवा. मावशीने लेकीला आपल्याकडे आणून ठेवलं. हे तिसरं जगवायचं, एवढ्याचसाठी या वयात ती आंबिवलीहून गाडी पकडून नाडीच्या बाहुलीपुढे येऊन बसत होती.

त्यानंतर ती ज्या तऱ्हेने शिकली तसं मी पुढे फार कमी जणींना शिकताना पाहिलं. अक्षरओळख नव्हती, पण एकेक पायरी तोंडपाठ. वर्गातली कात्री चिमट्याने उचलून ती अशी धरायची की बाईही खूश व्हायच्या. शेवटी सगळ्यांना पत्र्याची एकेक पेटी मिळाली, त्यात कात्री, दोरा, साबण, कापसाच्या घड्या. ह्या कात्रीने दुसरं काहीही कापायचं नाही, हे आम्ही पुन्हापुन्हा बजावलं. मावशीने पेटी पदराखाली घेतली आणि आमच्या पाया पडून गेली.

पहिलं बाळंतपण तिने गावातच केलं. बाळ ठणठणीत राहिलं. पावसाळ्याच्या आत आणखी दोन-तीन झाली. मी महिन्या-पंधरा दिवसांनी गावात चक्कर टाकायचे, तिला सगळं म्हणून दाखवायला लावायचे, आणि ती न चुकता म्हणायची. पेटी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलेली असायची.

मग बातमी आली की शेजारच्या पाड्यावरचं एक बाळ गेलं. बाळंतपण मावशीनेच केलेलं. मी चिडूनच तिथे गेले. घरच्यांनीच वरून राख फासली असेल अशी माझी खात्री होती. पण त्या घरातल्या बाईने लेकराची शपथ घेऊन सांगितलं की सुईणीने बजावलं होतं म्हणून कुणी बेंबीला हातसुद्धा लावला नव्हता. सहाव्या दिवशी दूध सोडलं. तोंड मिटलं.

परतताना बांधावरून चालता चालता मी एकेक पायरी आठवून तपासत होते. राख नाही, शेण नाही, हात धुतलेले, दोरा उकळलेला. मग आत गेलं कुठून? मावशीकडे गेले तर ती माझ्याआधीच घाबरलेली. तिने हात पुढे केले आणि नखं दाखवली. त्या पाड्यावरच्या घराला काहीतरी लागलेलं आहे, असं तिचं म्हणणं पडलं. मी तिच्यावर खेकसले. पडवीत तिची लेक तांदूळ निवडत होती. पोट खाली उतरलेलं, दिवस भरत आलेले. आमचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं, पण मान वर करून तिने एकदाही पाहिलं नाही.

मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तोंडी परीक्षा पुरे, आता प्रत्यक्ष बाळंतपणाला तिच्याजवळ उभी राहा. तसा निरोपही मी मावशीला धाडला. पण बाळंतपणं कुणाच्या निरोपासाठी थांबत नसतात. पुढचा निरोप दूध घालायला येणाऱ्या गवळ्याबरोबर आला तो असा की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, पाचवीला जेवायला या.

जायला माझा पाय निघत नव्हता. का ते सांगता येत नव्हतं. आईने खणाचा कपडा आणि खडीसाखर बांधून दिली. दुपारी आंबिवलीला उतरले. गावात शिरताना ओळखीच्या बायका हसून बोलत होत्या, मावशीच्या दारात पोरंटोरं जमलेली. सगळं इतकं चांगलं चाललेलं होतं की माझी धास्ती आणखीच वाढली.

मी आधी बाळाकडे गेले. पोरगी गुटगुटीत, जावळ दाट. लेकीने तिला पदराखाली घेतलं होतं. सकाळी पोटभर प्यायली, असं लेक म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. मी बेंबी उघडून पाहिली. कोरडी होती, वर काही फासलेलं नव्हतं. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात मावशीने पूजेची तयारी बघायला हाक मारली. बाळंतिणीच्या खोलीच्या कोपऱ्यात ताज्या शेणाने जमीन सारवली होती. ओल अजून सुकली नव्हती. त्यावर पाटा-वरवंटा, तांदळाची रास, लिंबू, पानसुपारी. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून तिच्यासाठी सगळं मांडून ठेवायचं. आणि पाट्याशी, त्या ओल्या सारवणावर, हळदीकुंकवाने माखलेली आमची कात्री.

मी विचारलं, ही इथे का?

मावशीला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "ज्यानं नाल कापला त्याला पुजाचा असते. आधी इळा पुजू, आता ही."

तिने ते अभिमानाने सांगितलं. इतर सुईणींच्या घरी अजून गंजके विळे पुजत होते. हिच्या प्रत्येक बाळंतपणाच्या पाचवीला मात्र ती कात्री घेऊन जायची, रात्रभर देवीपुढे ठेवायची, सकाळी पदराने पुसून पेटीत घालायची. मी जेवढ्या शांतपणे विचारता येईल तेवढ्या शांतपणे विचारलं की मग पुढच्या वेळी उकळतेस ना?

"दोरा उकलते. कात्री पयल्यांदा उकलली होती. आता पुजलेली वस्तू चुलीवं कशी चढवू? तिच्यापरीस पवित्र काय हाय, बाय?"

वर्गात ती उकळायची ती वर्गातली कात्री होती. ती कधी कुणी पुजलेली नव्हती. आणि मी इतक्या वेळा सगळं म्हणवून घेतलं, ते तिने धडा म्हणून म्हटलं, बाहुलीचा धडा. तिला फसवायचं नव्हतं. तिच्या लेखी ती आमच्यापेक्षा जास्तच सोवळं पाळत होती.

मी तिला दंडाला धरून गोठ्याकडे नेलं. पाड्यावरच्या बाळाआधी ही कात्री कुठे कुठे सारवणावर ठेवली होती, ते तिच्याकडूनच वदवून घेतलं. जमिनीतली, शेणातली घाण, असं बाई म्हणाल्या होत्या ते तिला आठवत होतं.  तिचा चेहरा डोळ्यांदेखत उतरत गेला. तिने एवढंच विचारलं की आता काय करता येतं. मी म्हटलं, ठाण्याच्या इस्पितळात धनुर्वाताची सुई मिळते. ती लागू पडेलच असं नाही, पण आत्ताच्या आत्ता निघायला हवं.

पाचवीच्या दिवशी बाळंतीण आणि तान्हं मूल उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. पूजा तशीच मोडून तर नाहीच नाही. सोयऱ्या बायकांनी दार अडवलं, मावशीच्या जावेने देवीचा शाप काढला, कुणी माझ्यावर तोंडसुख घेतलं.  मावशीने गाडीला बैल जोडायला सांगितले, लेकीच्या डोक्याला फडकं गुंडाळलं, आणि तिला बाळासकट हाताला धरून गाडीत बसवलं. कारण मात्र लेकीला सांगितलं नाही. इस्पितळात एकदा दाखवून आणू, एवढंच म्हणाली.

आंबिवली स्टेशनवर कल्याणकडे जाणारी गाडी यायला वेळ होता. ऊन कलत होतं. फलाटावर आम्ही तिघी, एक भाजीचा हारा घेऊन बसलेली बाई आणि कंदील पुसणारा पोर्टर. मावशी आणि मी लेकीच्या दोन बाजूंना बसलो. मी मनाशी हिशोब मांडत होते की ठाण्याला पोहोचायला किती उशीर होईल, डॉक्टर जागेवर असतील का, सुई शिल्लक असेल का. बाळाला काही झालेलं नव्हतं. मी स्वतःला तेच सांगत होते.

लेकीने बाळाला पाजायला घेतलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, झोपलीय वाटतं. आणखी थोड्या वेळाने पुन्हा पदर सारखा केला, पुन्हा घेतलं. बाळ झोपलेलं नव्हतं. डोळे उघडे होते, ओठ हलत होते, पण धरत नव्हतं. कुरकुरण्याचा एक बारीक आवाज येत होता. मी उठून समोर गेले. मावशीने माझ्याआधी हात पुढे केला. आपली करंगळी तिने बाळाच्या ओठांमध्ये घातली. ती हिरड्यांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

हे दोनदा पाहिलेल्या बाळंतिणीला ते सांगावं लागत नाही. लेक रडली नाही. तिने आधी बाळाकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"आये, या टायमाला त तू सगला शिकून केलास ना?"

मी आयुष्यात कधी खोटं गोड बोलले नव्हते. त्या क्षणी मात्र बोलणार होते. हो गं, सगळं केलं तुझ्या आईने, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

"नाय," मावशी म्हणाली. "कात्री उकलली नाय मी."

लांबून गाडीची शिटी ऐकू आली. त्या आवाजासरशी बाळाचं अंग मांडीवर ताठ झालं आणि सावकाश सैल पडलं.  लेकीने बाळाला उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं आणि पुन्हा पाजायला लागली.