पोटावर आणि पोटात

इफ्तारला थोडाच वेळ होता. इन्सुलिनच्या सुईच्या टोकावर थेंब थरथरत होता आणि अम्मीचा हात थबकला होता. डॉक्टरांनी रोजे ठेवायला हरकत घेतली नव्हती, फक्त जेवणाआधीची सुई चुकवू नका म्हणाले होते.

"पोटात टोचायची, म्हणजे रोजा तुटणारच," अम्मी म्हणाली.

मी समजावायला गेले, तर म्हणे, "इंग्लिश शाळेत धर्माचे मसलेही शिकवतात वाटतं?"

शेवटी धीर करून मीच मशिदीतल्या मौलानांना फोन लावला आणि अम्मीलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"बहेनजी, सुई पोटावर टोचतात. सुईतलं औषध म्हणजे काही पोटात गेलेलं जेवण नव्हे. रोजा शाबूत आहे."

आपण किती गोष्टींना न विचारताच घाबरत असतो.

"बिस्मिल्लाह," अम्मी पुटपुटली. थेंब आता थरथरत नव्हता.