अर्जदाराचं स्टूल

अर्जदाराएवढं सुंदर अक्षर आमच्या कॉलेजात कुणाचं नव्हतं, आणि ते सगळं त्याने एका स्टुलापायी खर्च केलं.

तो कुरुंदवाडचा, शेतकऱ्याच्या घरातला. लहानपणी पोलिओने उजवा पाय वाळला होता. सत्तर सालच्या आसपास आम्ही एकत्र वैद्यकी शिकत होतो. मढी कापायच्या डिसेक्शन हॉलमध्ये पोरांनी उभं राहूनच काम करायचं, असा प्रिन्सिपॉलांचा दंडक होता. हा उभा राहिला की एका हाताने टेबलाची कड धरणार. मग उरलेल्या एका हाताने चिमटा आणि सुरी चालवायची कशी? म्हणून दर सहामाहीला तो स्टुलासाठी अर्ज करायचा. 'मी खाली सही करणार अर्जदार' अशी सुरुवात. त्यावरून आम्ही नाव पाडलं. त्याला राग नव्हता. "सवलत न्हाय पायजे मला," म्हणायचा. "बसलो की दोन्ही हात मोकळं हुत्यात, एवढंच."

ऑफिसातला हेडक्लार्क दर वेळी नवा दाखला मागायचा, पाय अजूनही अधू असल्याचा. त्यासाठी हा सरकारी दवाखान्याच्या रांगेत तासन्‌तास उभा. "माझा पाय म्हंजे उसाचा खोडवा वाटला काय ह्यास्नी, परत फुटायला?" असं हसत विचारायचा. मला हसू यायचं नाही असं लिहायला आवडलं असतं, पण मीही हसायचो.

एकदा प्रिन्सिपॉलांनी त्याचा अर्ज भर वर्गात वाचून दाखवला. आज स्टूल मागतोय, उद्या गादी मागेल, म्हणाले. वर्गात हशा पिकला. रोज पेशंटला आधी बसवून मग तपासणारे हे प्रिन्सिपॉल! अर्जदाराने कागद परत घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नवा लिहून आणला.

शेवटी वार्षिक परीक्षेआधी स्टूल मंजूर झालं. प्रॅक्टिकलच्या सकाळी शिपायाने ते त्याच्या टेबलाशी आणून ठेवलं. तो बसणार, तेवढ्यात बाहेरगावचे परीक्षक आले आणि स्टूल ओढून स्वतःच त्यावर बसले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. शेजारी उभ्या प्रिन्सिपॉलांना होतं, आणि ते हसून "बसा, बसा" म्हणाले. अर्जदार बोलू लागला तर त्यांनीच त्याला 'कामाला लाग' म्हणून गप्प केलं. माझं टेबल लगतचंच. 'सर, ते त्याचं आहे', चार शब्दांचं वाक्य. पण माझे मार्कही त्या दोघांच्याच हातात होते. मी मान खाली घालून कापत राहिलो.

दीड तास तो एका हाताने कड धरून उभा होता. शेवटी सुरी घसरली आणि जी शीर मोकळी करून दाखवायची तीच तुटली. हात स्थिर नाही, असा शेरा पडून तो नापास झाला. मी पास झालो.

तो पुन्हा परीक्षेला बसला नाही. गावी निघाला तेव्हा मी त्याला एसटी स्टँडवर पोचवायला गेलो आणि प्रिन्सिपॉलांना मनसोक्त शिव्या घातल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं. गाडीत चढताना मागे वळून म्हणाला, "पाय माझा अधू हाय. तुझ्या जिभंला काय झालतं?"

मढ्याची मला कधी किळस आली नाही. फॉर्मॅलिनचा वास दोनदा साबण लावला की जायचा. पण आज इतक्या वर्षांनी, चांगल्या चालणाऱ्या दवाखान्यात बसून पेशंटला "जीभ दाखवा" म्हणताना मला माझीच शिसारी येते.