अर्धी बैलजोडी

घरातल्या वस्तूंना माझ्या मामांइतकं राबवून घेणारा माणूस सिन्नर तालुक्यात दुसरा झाला नसेल. मंदीच्या त्या वर्षांत धान्याला भाव नव्हता आणि त्यांची जमीन बेताची. तेव्हा घरात जे जे आहे त्यातून एकेक धंदा निघालाच पाहिजे, असा त्यांचा खाक्या. मोठा हंडा लग्नघरी भाड्याने जाई, शिडी कौलं शाकारायला जाई. ओसरीवर सावली, म्हणून तिथे विड्या वळणाऱ्या बायका बसत. मी सुट्टीत गेले की मला गावभर पत्रं वाचायला पाठवत. मामी म्हणत, "पाहुण्याचा हात रिकामा दिसला की हे त्याला दोरी वळायला देतील."

गाडीचं मात्र अवघड होतं. गाडी मामांची, पण बैल एकच. दुसरा शेजारच्या रहिमानभाई पिंजाऱ्यांचा. दोघांची सावड होती. दोन्ही बैल जुंपून एक दिवस यांचं रान, एक दिवस त्यांचं. एरवी नाशिक रोड स्टेशनचं भाडं निम्मं निम्मं.

एका वर्षी तुळशीचं लग्न उरकल्यावर मामांनी गाडी एका नवरदेवाला ठरवली. त्या दिवशी पेरणीची पाळी रहिमानभाईंची, हे साफ विसरले. मामांनी दिलेल्या शब्दाखातर रहिमानभाईंनी बैल मुकाट्याने दिला. वाटेत त्यांचं रान लागलं तेव्हा मामांना पाळी आठवली. ते उतरले आणि मूठभर माती दाबून पाहिली. ओल हरभऱ्याला हवी तेवढीच होती. वऱ्हाड परतेपर्यंत उडाली असती. मामांनी बैल सोडून रानात पेरणीसाठी ठेवलेल्या पाभरीला जुंपले. नवरदेव बाशिंगासकट गाडीखालच्या सावलीत बसला. वरबाप मुहूर्तासाठी तणतणू लागला.

"दुसरा मुहूर्त भटजी काढील," मामा म्हणाले. "दुसरा वाफसा कोण काढणार?"

रहिमानभाई धावत आले. "जाऊ द्या दादा, लय बोलणी खाल."

"तुमचा बैल हाय म्हणून माझी गाडी हाय. नायतर नुसती लाकडं."

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. त्यानंतर मामांची गाडी लग्नाला कोणी नेली नाही. हंडासुद्धा घरीच राहिला.

पुढे मामांचा बैल थकला. रहिमानभाईंना तरण्या बैलाची सावड सहज मिळाली असती. त्यांनी उलट आपल्याच बैलाला हळू चालायला शिकवलं.

मामा गेल्यानंतरच्या हंगामात मी त्या रानावरून जात होते. रहिमानभाईंच्या बैलाला आता नवा, दांडगा जोडीदार होता. तो पुढे ओढत होता आणि हा आपला सावकाश पाऊल टाकत होता.

"सवय हाय त्याची," रहिमानभाई म्हणाले, आणि आसूड त्यांनी खांद्यावरच ठेवला.