डाव्या कोपऱ्यातला भाडेकरू

माझी ताई शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. सकाळी बाटल्या येतात, ती त्यात थेंब टाकते, रंग बघते, आकडा लिहिते आणि लिहिलेल्या आकड्यावर बोट ठेवून तो पुन्हा एकदा वाचते. तीस वर्षं हेच चाललंय. तिचं लग्न राहून गेलं ते एका स्थळाने पहिल्याच भेटीत ‘मी घड्याळ दहा मिनिटं पुढे लावतो’ असं सांगितलं म्हणून, असं मी सगळ्यांना गमतीने सांगतो. ती म्हणते, दहा नाही, पंधरा.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्या कामात खडखड थांबली की काम झालं. सही घ्यायची आणि पुढच्या इमारतीत जायचं. आमच्या दोघांचं कधी जमलं नाही ते यामुळेच.

बाबा बंदरात टगबोट चालवायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण बंद झालं. दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहायचे. मग ताईने त्या भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. पाच फुटी काच, खाली वाळू, दगड, दगडांवर हलणारी प्रवाळं, काही कोळंब्या आणि सहा मासे. त्यातला एक गडद निळा, शेपटीला पिवळा, चांगला हाताएवढा. ती आमची निळी. आणि एक होता बोटाएवढा, वाळूच्याच रंगाचा. तो दगडाखालच्या बिळात राहायचा आणि पंधरा दिवसांतून एकदा दिसायचा. त्याला मी भाडेकरू म्हणायचो, कारण असतो कुठे ते कळायचं नाही.

टाकी आल्यावर आठ महिन्यांनी एका सकाळी निळी दगडामागून बाहेर आली आणि बाबा म्हणाले, “आहे.” ताईच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. काही दिवसांनी दुसरा शब्द आला, “निळी.” बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांचं बोलणं या टाकीला धरून परत येतंय, ती सांभाळा. दोन शब्द. एवढ्यावर आमचं घर पुन्हा उभं राहिलं होतं.

आता माझ्या चुकीकडे येतो. लांबवण्यात काही अर्थ नाही.

ताईचा नियम होता की नवा मासा आला की तो आधी वरच्या खोलीत वेगळ्या टाकीत चार आठवडे राहणार. मला तो चक्रमपणा वाटायचा. बाबांच्या वाढदिवसाला मी दुकानातून एक पिवळाधमक मासा आणला. ताई कामावर होती. बाबांच्या समोर पिशवी उघडली आणि मासा सरळ टाकीत सोडला. बाबा हसले. संध्याकाळी ताई आली, टाकीकडे बघितलं आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून किती वेळ उभी राहिली. “कधी सोडलास?” एवढंच विचारलं. मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

नवव्या दिवशी निळीच्या पंखांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. ती दगडांवर अंग घासत होती. ताईने सगळ्यांना बाहेर काढायची तयारी सुरू केली, तर चार दिवसांत ठिपके गायब! माझा जीव भांड्यात पडला.

“बघ, गेलं की नाही आपोआप? तू उगाच घाबरवतेस.”

“गेलं नाही,” ती म्हणाली. “ठिपके म्हणजे किडा. पोट भरलं म्हणून तो माशावरून खाली उतरलाय. आता वाळूत बसलाय. एकाचे शेकडो होतील आणि मग वर येतील.”

मी मान हलवली आणि कामावर गेलो. पण दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात काम करताना मनात पाल चुकचुकत होती. टाकी इतकी स्वच्छ आणि शांत दिसत होती की मला तिच्याकडे बघवेना.

ती म्हणाली तसंच झालं. आठवड्याने सगळे मासे पिठात लोळवल्यासारखे झाले. कल्ले धापा टाकत होते. वाढदिवसाचा मासा पहिला गेला, मग अजून दोन. औषध तांब्याचं, पण ते मोठ्या टाकीत टाकलं तर प्रवाळं आणि कोळंब्या मरणार. म्हणजे उरलेले मासे वरच्या टाकीत न्यायचे, तिथे तांब्याचा डोस द्यायचा, आणि खालची टाकी माशांविना ठेवायची. अंगावर बसायला मासाच मिळाला नाही की तो किडा उपाशी मरतो. लोक सहा आठवडे म्हणतात. ताईने शहात्तर दिवस धरले.

“एकही मासा आत राहता कामा नये,” तिने मला बजावलं. “एक राहिला तरी सगळं फुकट.”

त्या दिवशी शहरात कुठेतरी पाइप फुटला होता आणि तिला सुट्टी मिळेना. मासे मीच पकडले. निळी आणि दुसरे दोन सापडले, वर नेऊन सोडले. राहिला भाडेकरू. त्याच्यासाठी सगळे दगड काढून वाळू चाळायची होती. उजवीकडचे काढले, मधले काढले. डाव्या कोपऱ्यातला दगड मोठा होता, त्याला प्रवाळं चिकटलेली, आणि माझी कंबर गेली होती. मी तो थोडा हलवला. काही बाहेर आलं नाही. एवढ्यात ताईचा फोन.

“भाडेकरू?”

“मिळाला. मेलेला होता. टाकला.”

“नक्की?”

“अगं नक्की म्हणजे काय, हातात होता माझ्या!”

रात्रीच्या जेवणाआधी तिने वही उघडली आणि लिहिलं, ‘भाडेकरू, मृत.’ स्वतः न बघता लिहिलेली ती तिच्या आयुष्यातली एकमेव नोंद असेल. मी बाजूलाच बसलो होतो. तेव्हा बोलता आलं असतं.

मग ते दिवस सुरू झाले. ताई कामावर जाण्याआधी आणि आल्यावर वर जायची, परीक्षानळीत थेंब टाकून तांब्याचं प्रमाण बघायची. कमी पडलं तर किडा जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. खाली पंप घुमत होता, दिवा वेळेवर लागत होता, प्रवाळं हलत होती आणि टाकीत कोणी नव्हतं. पाहुणे यायचे आणि टाकीकडे बघून आवाज खाली घ्यायचे. एकदा आम्ही बाबांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. उघड्या काचेत, प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यात निळी लपलेली होती. बाबांनी बघितलं आणि तोंड फिरवलं. ‘निळी’ हा शब्द त्यानंतर आला नाही.

पहिला मात्र होता. तिसऱ्या आठवड्यात बाबांनी डावा हात उचलला, टाकीच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “आहे.”

ताई त्यांच्याजवळ बसली. “नाहीये बाबा. निळी वर आहे. येणार आहे परत.”

“आहे.”

“अजून छप्पन्न दिवस.”

रोज हेच. कधी सकाळी, कधी दुपारी. बोट तिकडेच, शब्द तोच. बाबा चिडायला लागले, खुर्चीच्या हातावर मूठ आपटायला लागले. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, सवयीने म्हणत असतील. ताई त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी टाकीसमोर उभा राहून डाव्या कोपऱ्यात बघितलं. दगड होता, वाळू होती. मी स्वतःला सांगितलं, मेलाच असेल. खायला कोण घालतंय त्याला? कोळंब्यांसाठी ताई एक दिवसाआड चिमूटभर खाणं टाकते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शहात्तराव्या दिवशी ताईने आधी एकट्या निळीला खाली आणलं. चमकत होती, अंगावर एक डाग नाही. बाबांनी ती पाण्यात जाताना पाहिली आणि डावा हात जोरजोरात हलवायला लागले. “आहे! आहे! आहे!” आम्ही दोघं हसत होतो, ताईच्या डोळ्यांत पाणी. आम्हाला तो आनंद वाटला.

आठव्या दिवशी निळीच्या पंखावर पांढरे कण होते.

ताई ओरडली नाही, रडली नाही. वही काढून सगळे आकडे पहिल्यापासून वाचले, एकेकावर बोट ठेवून. चूक सापडली नाही. मग तिने वही मिटली आणि बाबांच्या खुर्चीला टेकून गुडघ्यांवर बसली, त्यांचं डोकं जिथे होतं त्या उंचीला डोकं आणून. बाबांनी बोट केलं. ती बोटाच्या रेषेत बघत राहिली. हलली नाही. पाऊण तास गेला असेल. मी दारात उभा होतो आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

मोठ्या दगडाखालची वाळू हलली. एक लहानसं डोकं बाहेर आलं, इकडेतिकडे बघितलं आणि परत आत गेलं.

“आहे,” बाबा म्हणाले.

ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, “हातात होता ना तुझ्या?”

“बाबा रोज सांगत होते,” ती म्हणाली. “आणि मी त्यांना रोज नाही म्हणत होते. तुझ्यावर विश्वास ठेवून.”

निळीला पुन्हा वर नेलं. आधीच्या औषधाने ती आतून पोखरलेली होती, सहाव्या दिवशी गेली. ताईने ती स्वतःच्या हाताने कागदात गुंडाळली. बाबांना आम्ही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

वरच्या टाकीत राहिलेले दोन मासे ताईने दुकानदाराला देऊन टाकले. मग एका सकाळी ती जाळी घेऊन टाकीपाशी उभी राहिली. मी बाह्या सरसावल्या. या वेळी दगड काढणार होतो, कंबर मोडली तरी. बाबांनी तिच्या हातातल्या जाळीकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे, मग तिच्याकडे.

“आहे,” ते हळूच म्हणाले. पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

ताईने जाळी खिळ्याला अडकवली. “राहू दे.”

“अगं पण रोग? तो असेपर्यंत जाणार नाही ना?”

“नाही जाणार. त्याला सवय झालीय, तो जगेल. दुसरा मासा आता या टाकीत येणार नाही.”

तीस वर्षं थेंबभर दोषही न सोडणाऱ्या माझ्या बहिणीने हे म्हटलं. वहीत तिने ‘मृत’ खोडलं, वर ‘जिवंत’ लिहिलं आणि त्यावर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

आजही मी घरी गेलो की पंप घुमत असतो, दिवा लागलेला असतो आणि पाच फुटांच्या टाकीत कोणी दिसत नाही. काही न विचारता ताई चहा देते. बाबा डावीकडे बोट करतात आणि त्यांचा एकुलता एक शब्द म्हणतात. ती असेल तिथून, टाकीकडे न बघता, लगेच उत्तर देते, “हो बाबा, आहे.” आणि माझ्याकडे बघते.