पूजेचा मान

गोमूत्र माझ्या चष्म्यावर उडालं. पुसायला हात वर केला तर शुद्धी करायला आलेले बुवा म्हणाले, पुसायचं नाही, वाळू द्यायचं.

मी पाटावर बसलो होतो. चाळीच्या अंगणात, सकाळी दहा वाजता. वर तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर माणसं. बाजूच्या पाटावर माझी बायको, बारकी. तिच्या गालावरून थेंब खाली चालला होता. तिने पुसला नाही. मागे बॅनर, त्यावर हात जोडलेले म्हातारा-म्हातारी. आम्ही नव्हे, कुठून तरी उचललेला फोटो. चाळीच्या सेक्रेटरीने माझ्या हातात माईक दिला आणि वाकून सांगितलं,

"मामा, एवढंच म्हणायचं. माझी चूक झाली, मी माझ्या घरी परत आलो."

मी चौथी नापास आहे. पण परत यायला आधी जावं लागतं, एवढं मला कळतं. मी कुठे गेलोच नव्हतो.

आम्ही वारली. डहाणूच्या डोंगरातले. विसाव्या वर्षी लालबागला आलो, गिरणीत लागलो, गिरणी बंद झाल्यावर वॉचमनकी केली. चाळ तीच. सगळी कोकणातली माणसं. वाईट नाहीत. पण चाळीस वर्षांत मी त्यांना मामाच राहिलो, जसा वॉचमन मामा असतो तसा.

चाळीची पूजा असते, दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायण. पूजेला बसायचा मान खोलीच्या नंबराने फिरतो. एका वर्षी एक खोली, नवरा-बायको जोडीने. मी माझा नंबर कधीपासून मोजत होतो ते सांगायला लाज वाटते. सत्यनारायण आमचा देव नाही. आमचा हिरवा देव, मोरपिसांची जुडी. ती मी गावाहून आणली, ती तांदळाच्या डब्यात असते. पण एक दिवस सगळी चाळ खाली बसेल आणि मी समोर बसेन, हे मला हवं होतं. हवं होतं म्हणजे हवं होतं.

माझा नंबर आला तेव्हा सेक्रेटरी सामानाची यादी घेऊन वर आला. पोरगा माझ्यासमोर वाढलेला. त्याने खोलीत बघितलं. देव्हारा नाही. एकाही देवाचा फोटो नाही. आणि बारकीच्या गळ्यात काळा दोरा, त्याला लाकडाचा क्रूस. यादी त्याने खिशात परत ठेवली.

बारकीचं सांगतो. आमची मुलगी परळच्या इस्पितळात दगावली. अकरा दिवस तिथे होती. चाळीतलं कोणी आलं नाही असं नाही, आले, उभे राहिले, गेले. एक नर्स मात्र ड्युटी संपली तरी बारकीचा हात धरून बसायची. तिच्या मागे बारकी अँटॉप हिलला प्रार्थनेला जायला लागली. दर रविवारी. येताना तिचा चेहरा जरा हलका असायचा. तिने पाण्यात डोकं बुडवलं का, नाव बदललं का, मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

तिकडचा प्रार्थना घेणारा ब्रदर एकदा घरी आला. चांगला माणूस, खाली बसून चहा प्याला. बारकी भात लावायला उठली, तिने डबा उघडला, पिसं दिसली. तो म्हणाला, काका, हे सैतानाचं आहे, एका घरात दोन राजे राहत नाहीत, जाळून टाका. मी काही बोलायच्या आधी बारकी बोलली.

"ते त्याचं हाय. त्याला हात नाय लावायचा."

ब्रदर परत आला नाही. ती मात्र जात राहिली.

हे सगळं मला माहीत होतं. तरी सेक्रेटरी म्हणाला की आधी शुद्धी करून घ्या, मग मान तुमचाच, तेव्हा मी हो म्हणालो. बारकीला विचारलं नाही, सांगितलं. रविवार ठरला होता, तिच्या प्रार्थनेचा. ती म्हणाली, "तुला बसायचं हाय ना. बसते मी." आणि लुगडं बदलायला गेली.

तर मी माईक धरून बसलो होतो. तो तोंडाशी नेला नव्हता. सेक्रेटरीला वाटलं, म्हातारा घाबरला. तो बारकीकडे वळला. म्हणाला, तोवर तुम्ही तो दोरा काढा, ताटात ठेवा. तिने दोऱ्यावर हात ठेवला. काढला नाही. गर्दीतून तात्या पुढे आला. गिरणीत माझ्या जोडीला होता, एका डब्यात जेवलोय आम्ही. तो प्रेमानेच म्हणाला,

"काढ गे वहिनी. एका मिनटाचा काम."

कोणीतरी हसलं. बारकीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. भिंतीकडे बघावं तसं. तिला माझ्याकडून काही नको होतं, कारण काही मिळणार नाही हे तिने गृहीत धरलेलं होतं.

माझ्या पिसांसाठी ती एका क्षणात बोलली होती. मी तिला इथे आणून बसवलं होतं.

मला राग आला नाही. अंगात काहीच आलं नाही. माईक चालू होता, मी बोललो तेव्हा माझाच आवाज मला लांबून ऐकू आला.

"मी कुठे गेलो नव्हतो. तुम्ही मला घरात घेतलंच नव्हतं. आणि तिचं तिच्या गळ्यात राहील."

माईक पाटावर ठेवला. गुडघे धरून उठलो. बारकी माझ्या आधीच उठली होती. तीन जिने चढलो. कोणी अडवलं नाही. वाटेत दोन दारं आम्हाला बघून आतून बंद झाली.

सव्वीसला दुसरं जोडपं बसलं. लाऊडस्पीकरवर सगळी पोथी ऐकली. संध्याकाळी प्रसादाचा द्रोण आला, मी परत पाठवला. तात्या आता जिन्यात भेटला की मोबाईल बघतो.

बारकी त्यावर एक शब्द बोललेली नाही. भाकरी करते, रविवारी जाते. मीही माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला, जाऊ दे, म्हणावं लागलं असतं, आणि ते तिने का म्हणावं. तिला पाटावर त्यांनी नाही बसवलं. मी बसवलं. हे मी कोणावर ढकलणार नाही.

परवा सेक्रेटरी पुन्हा दारात आला होता. म्हणाला, मामा, झालं गेलं, बुवा म्हणतात अजून करता येईल, तुम्ही फक्त हो म्हणा, मामींचं आम्ही बघतो. मी दारातून हललो नाही. म्हटलं, तिचं तिला विचार. तिने आतूनच नाही म्हटलं. मी दार लावलं. परत येईल, परत लावीन.