न ऐकणारा मुकादम

आमच्या मिस्टरांचं शेवटचं भांडण माझ्याशी नाही, कॉम्प्युटरमधल्या मॅनेजरशी झालं.

गेल्या वर्षी, आजच्याच दिवशी. डबा भरून मी हाक मारली, तर आतून आवाज, "अरे टिक केलंय ना बाबा, दिसत नाय का तुला?"

मग बाहेर आले आणि म्हणाले, छातीत जड वाटतंय.
हॉस्पिटलच्या दारापर्यंतच पोचलो आम्ही.

लोक विचारतात, शेवटचं काय बोलले. काय सांगू लोकांना?

कारखाना चालवायचा गेम होता तो. मुलगा पुण्याला गेला तेव्हा जुना कॉम्प्युटर आणि हे व्यसन आमच्या पदरात टाकून गेला.

गेममध्ये आपण मालक. रोजचं काम एक मॅनेजर आपोआप बघतो. हे त्याला मुकादम म्हणायचे.

'माणसं कमी करायची नाहीत' अशी सेटिंगमध्ये टिक करता येते. हे टिक करायचे. नफा जरा घसरला की मुकादम खुशाल माणसं काढायचा. हे परत टिक करायचे.

गेमवाल्यांना मेलसुद्धा केला. उत्तर आलं, थँक यू फॉर युवर फीडबॅक.

हे वेड लागलं ते मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी.

तेव्हा हे चिकलठाण्यात एका लहान कारखान्यात सुपरवायझर होते. पाणी नाही म्हणून एक शिफ्ट बंद पडली. आमच्या घरामागं मात्र टँकरच्या पाण्यावर नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या.

मालकांनी काही कामगारांची नावं सांगितली, म्हणाले, एवढ्यांना काढा.

यांनी कुणालाच काढलं नाही. सगळ्यांना आळीपाळीनं कामावर बोलावलं आणि मालकांपुढे हो-हो करत राहिले.

मालकांना कळलं, तेव्हा नोकरी गेली ती यांचीच. आळीपाळी मात्र चालू राहिली, कारण ऑर्डरी वेळेवर जात होत्या.

घरी बसले आणि गेम हाती लागला. त्यात कामगारांना नावं देता येतात म्हणे. यांनी आपल्याच माणसांची दिली.

एक दिवस तोंड पाडून स्वयंपाकघरात आले. "रफिकला काढलं गं."

मला खरंच वाटलं. यांच्या हाताखालच्या त्या रफिकभाईंच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. मी धीर द्यायला लगेच फोन लावला.

"मैं तो ड्यूटी पे-च हूं भाभी. कौन निकाला मेरेकु?"

अशी चिडले मी! म्हटलं, "मालकाचं न ऐकणारे मुकादम तुम्ही. आता स्वतः मालक झालात, आता कळतंय ना कसं वाटतं?"

तर हे म्हणाले,

"मी ऐकलं नाय ते माणसं ठेवायला. ह्यो ऐकत नाय ते काढायला. काही फरक हाय का नाय?"

 भाजी खाली लागत होती, मी तिकडे वळले.

पुढं मुकुंदवाडीजवळ दुसरी नोकरी लागली. बरी होती. पण जुन्या कारखान्याच्या रस्त्यानं हे परत कधी गेले नाहीत. इतक्या वर्षांची नोकरी, आणि निघताना कुणी चहासुद्धा विचारला नाही, हे त्यांना फार लागलं होतं. बोलले एकदाच.

मला त्या गोष्टीचा राग आहे. अजून आहे.

आज सकाळी रफिकभाई आले. गेल्या महिन्यात ते त्याच कारखान्यातून रिटायर झाले. निरोप समारंभ झाला म्हणाले. शाल, नारळ, भाषणं, सगळं रीतसर.

ती शाल घेऊन आले होते. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"मिली मेरेकु, भाभी. पन है साहब की."

मी नको नको म्हटलं. ऐकेनात. यांच्या फोटोसमोर ठेवली आणि दारात चपला घालताना रडायला लागले. मीही रडले.

अहो, तुमचा निरोप समारंभ राहून गेला होता. आज झाला.

आता निवांत राहा.